दांडी वाकलेली बॅग

६ नोव्हेंबर २०२५, गुरुवार. मुरुम.

आज सकाळी त्या बॅगेला लाथ मारली. ती पडलीसुद्धा नाही. एक चाक गेल्यामुळं ती तशीही एका अंगावर कलूनच उभी असते, ती अजून थोडी कलली. माझाच अंगठा सुजला.

ही डायरी औषध कंपनीची आहे. लग्नाआधी उमरग्याच्या लॅबमध्ये नोकरीला होते तेव्हाची, कोरीच राहिलेली. जुन्या तारखा खोडून नव्या घालतेय. कुणाशी बोलायची सोय नाही, म्हणून.

परवा सासरहून, सोलापूरहून आले. दारात आल्यावर आईनं पहिल्यांदा माझ्याकडं नाही, बॅगेकडं बघितलं. मरून रंगाची टणक बॅग, आप्पांनी लग्नात उमरग्याहून आणलेली. कोपरा फुटलाय, ओढायची दांडी वाकून आत जाईना, एक चाक नाहीच. आई म्हणाली, "आगं, ही अशी मोडकी बॅग घिऊन तू गावातनं आलीस? दिवसाढवळ्या?"

मी सांगितलं, रणधीरनं रागाच्या भरात जिन्यावरून बॅग टाकली. एवढंच सांगितलं. आई कपाळाला हात लावून बसली. "रागात मानूस टाकतंयच. तू कशाला त्याला राग आनलास?"

 जनावरांच्या दवाखान्यात नोकरी करून करून आप्पा माणसांशीही तसेच झालेत, नुसतं बघतात. बॅग उलटी केली, सुलटी केली, कोपऱ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "चांगली हाय. नीट करून घिऊ."

मला ती बॅग घरात नको आहे. तसं म्हटलं तर म्हणतात, "टाकायला काय झालं? चाकच तर गेलंय."

उजवा खांदा दुखतोय. एस.टी.त अवघडून बसले म्हणून सांगितलं. वहीत तरी खरं लिहावं असं वाटलं, पण नको. लिहिलं की ते झालंच, असं होतं.


८ नोव्हेंबर, शनिवार

रणधीरचा फोन. "जेवलीस का?" मग म्हणाला, "बॅगेचं एवढं काय मनावर घेतेस. दुसरी घेऊ. तुला पाहिजे त्या रंगाची."

बॅगेचं. मी बॅगेचं मनावर घेतलंय!

फोन ठेवून दिला. पण इथं खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिते: क्षणभर वाटलं, जावं. मला टायफॉइड झाला होता तेव्हा हाच माणूस उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवत होता, तांदळाची पेज चमच्यानं भरवत होता. तो पण हाच. मग मला माझाच एवढा राग आला की पिठाचा डबा आपटून ठेवला. आई आतून म्हणाली, "डबा तरी कशाला फोडतीस?"


९ नोव्हेंबर, रविवार

रामहरीमामा आले. सोयरीक त्यांनीच जुळवलेली, त्यामुळं हे लग्न त्यांना स्वतःच्या घरासारखं वाटतं. भिंतीला तडा गेला की यांचीच इज्जत जाते. चहा प्यायले, सुपारी कातरली आणि कोपऱ्यातल्या बॅगेकडं बघून म्हणाले, "दाजी, वस्तू मोडली म्हनून कुनी उकिरड्यावर टाकतं का? डागडुजी करून वापरायची असती." मला कळलं ते कुठल्या वस्तूबद्दल बोलतायत. आईलाही कळलं, तिनं मान डोलावली.

मग म्हणाले, "कवा पाठवायची मग पोरीला?"

आप्पा म्हणाले, "बॅग तर नीट हू दे."

म्हणजे हा मुहूर्त! ज्या दिवशी चाक बसेल त्या दिवशी मी परत जाणार. दोन वर्षांत त्या घरात मी काय केलं, कशी राहिले, लॅबची नोकरी लग्नाआधी "करू दे की" म्हणणारे लग्नानंतर कसे बदलले, यातलं आप्पांनी एक अक्षर विचारलं नाही. विचारतात कशाबद्दल, तर चाक कसलं होतं, रबराचं का प्लास्टिकचं.

मी मामांसमोरच बोलले, "मला नाही जायचं." मामा हसले. "राग हाय तवर आसंच वाटतं." आई म्हणाली, "मोठ्यांच्या मधी बोलू नगं." आप्पांनी फक्त माझ्याकडं बघितलं. मी ताट उचलत होते, डाव्या हातानं. लंगडणाऱ्या मेंढीकडं बघावं तसं बघत होते. मी मेंढी नाही म्हणावं.


११ नोव्हेंबर, मंगळवार

आप्पांनी आज सुट्टी टाकली आणि मला घेऊन उमरग्याला गेले. मी येणार नाही म्हटलं, तर म्हणाले, "तुझी बॅग हाय, तूच दाखीव." वडाप जीपमध्ये ती बॅग माझ्या मांडीला घासत होती.

हायवेच्या कडेला शंभुलिंग म्हणून एकाचं दुकान आहे. बॅगा, छत्र्या, ट्रकच्या सीटची कव्हरं, सगळं शिवतो. दुकानासमोरून सोलापूरच्या आणि हैदराबादच्या गाड्या एवढ्या जोरात जातात की बोललेलं अर्धं ऐकूच येत नाही. त्यानं बॅग मांडीवर घेतली. दांडी वर ओढून बघितली, येईना. खाली दाबली, जाईना. मग विचारलं, "पडली कशी?"

"जिन्यावरनं टाकली," आप्पा म्हणाले.

"टाकली तर कोपरा फुटतोय, चाक जातंय. ते बरोबर हाय. पर ही दांडी बघा, अशी पिळवटलीय. नुसती टाकून हे न्हाय व्हत. कुनीतरी धरलेली पायजे. इकडनं एकानं आन् तिकडनं एकानं."

मी पटकन म्हटलं, "एस.टी.च्या डिक्कीत अडकली होती. कंडक्टरनं ओढली."

शंभुलिंग "मग बराबर" म्हणून पुढं बघायला लागला. दांडी दुसरी टाकावी लागेल, कोपऱ्याला पत्रा मारता येईल, चाकाचं माप कळायला जुनं चाक असलं तर आणा म्हणाला. आप्पांनी चहा सांगितला होता. चहा आला. ते पेला हातात धरून हायवेकडं बघत बसले, चहावर साय आली तरी प्यायले नाहीत. मीच म्हटलं, "आप्पा, गार झाला." तो पेला त्यांनी तसाच खाली ठेवला आणि शंभुलिंगला म्हणाले, "चाक आनतो मी."

एका बॅगेपायी माणूस एवढा विचारात पडतो. माझ्यासाठी एवढा पडला असता तर.

येताना जीपमध्ये बॅग नव्हती, दुकानातच ठेवली. तेवढंच सुख. खड्ड्यात गाडी आपटली तेव्हा माझ्या तोंडातून आवाज निघाला. आप्पांनी विचारलं, "कुठं दुखतंय?" मी म्हटलं, "कुठं नाही."


१२ नोव्हेंबर, बुधवार

आज माझं डोकं फिरायचं बाकी राहिलंय. सकाळी उठले तर आप्पा घरात नाहीत. आई म्हणाली, "सोलापूरला गेल्यात, चाक आनायला."

सोलापूरला! माझ्या सासरी! एका चाकासाठी! चार भिंतींच्या आत माझी एवढी शोभा झाली, आणि माझा बाप तिथं जाऊन त्यांच्या दारात उभा राहणार, आमचं चाक द्या म्हणून. सासूनं चार घरी सांगितलं असेल, बघा, बाप आला पाय धरायला. मी दिवसभर जेवले नाही. आई खुश होती. "गेल्यात म्हंजी बोलनं करूनच येतील."

दिवेलागणीला आले. खिशातून दस्ती काढली, तिच्या गाठीत चाक.

मी विचारलं, "कुठं होतं?"

"खालच्या मजल्यावरच्या बाईनं ठिवलं हुतं उचलून. बानूबाई."

 बानूबाईनंच मला त्या दिवशी उठवलं होतं, पाणी दिलं होतं, रिक्षा थांबवली होती. "काय म्हणाली ती?"

"चाक दिलं."

"आणि वर गेला होतात?"

"गेलो हुतो."

"मग? काय ठरवून आलात?"

"पानी दिलं त्येनी. म्या पेलो न्हाय." आप्पा टोपी काढून बसले. टोपीची घडी घालत होते, मोडत होते. मग म्हणाले, "जिना लई उभा हाय गं त्यो."

जिना उभा आहे! दोन वर्षं मी त्या जिन्यानं पाण्याच्या घागरी वाहिल्या, ते आज दिसलं यांना.

"आक्षे," ते म्हणाले, "तुला काय सांगायचं हाय का?"

आता माझीच चूक काढायची. तिकडचं ऐकून आले, म्हणजे मी काय उलट बोलले, मी काय केलं, ते विचारणार. मी म्हटलं, "त्यांनी सांगितलं की सगळं. मी कशाला सांगू? तुमचं चाक मिळालं ना?" आणि आत जाऊन दार लावलं. ते बराच वेळ दाराबाहेर उभे होते. सावली दिसत होती फटीतून. मी उघडलं नाही.


१५ नोव्हेंबर, शनिवार

काय माणूस आहे हा. आज उमरग्याला जाऊन बॅग परत आणली. तशीच! दांडी वाकडी, कोपरा फुटका, चाक एका कॅरीबॅगमध्ये घालून वर बांधलेलं.

मी विचारलं, "काय झालं? शंभुलिंगला जमलं नाही?"

"जमत हुतं. म्याच नगं म्हनलं."

"का?"

"आता दुरुस्त करायची न्हाय."

घोंगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली, आणि आम्हा दोघींना सांगितलं, "हिला हात लावायचा न्हाय कुनी. पुसायची बी न्हाय."

आई बिचारी बघतच राहिली. एवढी धावपळ, एक रजा, सोलापूरची फेरी, आणि शेवटी घोंगड्यात गुंडाळून माळ्यावर. मला वाटतं त्यांना लाज वाटायला लागलीय. दिसू नये म्हणून वर टाकली. मी खाली आहे, मला कशात गुंडाळणार?

रामहरीमामांचा फोन आला तर आप्पांनी घेतला नाही. हे एक नवीनच. आईनं घेतला. चंपाषष्ठी झाली की दुसऱ्या दिवशी मामा जीप घेऊन येणार आणि मला पोचवणार, असं आईचं नि मामांचं ठरलं. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "बघू."

बघू म्हणजे हो. आयुष्यभर त्यांचं "बघू" म्हणजे होच असतं. म्हशीचं असो की माझ्या लग्नाचं.


१८ नोव्हेंबर, मंगळवार

ज्ञानेश्वरीला फोन केला. डीएमएलटीला आम्ही एका बाकावर होतो, ती आता हैदराबादला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. मागं तिनंच सांगितलं होतं, तिथं रक्त काढायला माणूस पाहिजे, मराठी, हिंदी, थोडं कानडी येणारं. जागा अजून रिकामी आहे म्हणाली. एक डिसेंबरला रुजू व्हायचं. तिच्या खोलीत राहता येईल.

मी म्हटलं, "येते. पण घरी कुणाला कळू देऊ नको. आप्पांना तर मुळीच नाही. कळलं तर मला दोरीनं बांधून सोलापूरला नेतील."

 ती म्हणाली, "अक्षदा, तुझे आप्पा तसे वाटत नाहीत गं."

"तुला काय माहिती? तू त्यांना दोनदा बघितलंयस."

"नाही, म्हणजे... जाऊ दे. तू येच." आणि घाईनं फोन ठेवला. ही पण बदललीय. शहरात गेलं की माणसं सरळ बोलत नाहीत.

खरं लिहायचं तर भीती वाटते. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. एका हातानं मी लोकांचं रक्त कसं काढणार?


२० नोव्हेंबर, गुरुवार

आप्पांनी नवी बॅग आणली. निळी, मोठी, चार चाकांची. अंगणातल्या फरशीवर पुढं-मागं ढकलून दाखवत होते, लहान पोराला गाडी दाखवावी तशी. "बघ, एका बोटानं चालती. उचलायचं कामच न्हाय."

आई एवढी हरखली की तिनं बॅगेला हळद-कुंकू लावलं. "आता कशी शोभंल! रिकामी नगं पाठवायला. लुगडं, भांडं, काहीतरी घालू. त्यांचं बी तोंड बंद हुईल."

म्हणजे मला सजवून पाठवायचं. जुनी बॅग नीट करून पाठवली तर लोक बोलतील, म्हणून नवी. मी फुटले. "मला नको ही! मला जुनीच पाहिजे! तीच घेऊन जाते, वेशीतून फरफटत नेते, बघू दे सगळ्यांना!"

पंधरा दिवसांपूर्वी मीच तिला लाथ मारत होते. आज तीच पाहिजे म्हणून भांडले. कळत होतं, पण थांबता येत नव्हतं.

आप्पा एवढंच म्हणाले, "ती न्हाय मिळायची."

मग थोड्या वेळानं, मी भांडी घासत असताना, जवळ येऊन बसले. "तिकडं लिफ्ट हाय का गं?"

"सोलापूरला कुठली लिफ्ट? तुम्हीच चढून आलात की जिना."

"हां. व्हय व्हय." उठून गेले. म्हातारे व्हायला लागले बहुतेक.


२३ नोव्हेंबर, रविवार

आईशी कडाक्याचं भांडण. ती म्हणाली, "आमी किती दिस पुरनार तुला? मागं कोन हाय? ना भाऊ, ना दुसरं कुनी. तुझा आप्पा पुढच्या साली रिटायर हुतोय." मी म्हटलं, "मी नोकरी करीन." ती म्हणाली, "बाईच्या जातीला नोकरी पुरत न्हाय, घर पुरतं." मी म्हटलं, "मग तूच जा तिथं राहायला."

तिनं माझा हात धरला, उजवा, ओढला, आणि मी किंचाळले. आईनं हात सोडला. भांबावून बघत राहिली. "काय झालं?"

"काही नाही. नस धरलीय."

त्यानंतर ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. हळद-तेल गरम करून वाटी माझ्या अंथरुणाजवळ ठेवली आणि तोंड फिरवून झोपली. एवढा राग.


२६ नोव्हेंबर, बुधवार

चंपाषष्ठी. वांग्याचं भरीत, रोडगे, तळी उचलली, आप्पांनी सगळ्यांच्या कपाळाला भंडारा लावला. माझ्या कपाळाला लावताना हात थोडा जास्तच वेळ ठेवला. मी डोकं मागं घेतलं.

मामा जीप घेऊन आलेत. बाहेर बाजेवर ऐसपैस बसलेत. उद्या सकाळी जेवून निघायचं. रणधीरचा फोन आला होता, मामांच्या फोनवर. मामा मोठ्यानं बोलत होते, "आवो जावाईबापू, आनतोय, आनतोय."

जनावर आणावं तसं.

माझं ठरलंय. हायवेला लागलं की मामा जीपमध्ये डिझेल भरायला थांबतातच. मी बाथरूमला म्हणून उतरेन आणि हायवे ओलांडून हैदराबादच्या गाडीत बसेन. निळी बॅग राहू दे जीपमध्ये, सोलापूरला पोचू दे, लावा म्हणावं तिला हळद-कुंकू. मी पर्समध्ये सर्टिफिकेटं आणि दोन ड्रेस घेतलेत.

आप्पांशी मी चार दिवस बोलले नाही. जाताना बोलणारही नाही. त्यांनी एकदा, फक्त एकदा "नको जाऊ" म्हटलं असतं तर. म्हटलं नाही.


२९ नोव्हेंबर, शनिवार. हैदराबाद.

परवाचं सगळं आज लिहिते. त्या दिवशी हातात पेन धरवत नव्हतं.

सकाळी जेवणं झाली. मामांनी जीप वळवून दारात लावली. आप्पा माळ्यावर चढले आणि घोंगड्यात गुंडाळलेली जुनी बॅग खाली काढली. निळी बॅग आधीच ओसरीवर होती. मामा हसत म्हणाले, "दाजी, दोन दोन बॅगा कशाला? ती मोडकी ठिवा की."

आप्पा म्हणाले, "रामहरी, जीप रिकामी घिऊन जा तू."

"म्हंजी?"

"म्हंजी पोरगी तिकडं जानार न्हाय."

मामांनी आईकडं बघितलं. आई चुलीपाशी बसली होती, उठली नाही.  मामांचा आवाज चढला, आपण शब्द दिलाय, तिकडं माणसं जेवायला थांबलीत, माझ्या तोंडाला काळं फासता का. आप्पा ऐकून घेत होते. शेवटी मामा म्हणाले, "एक बॅग टाकली त्या पोरानं, त्याचं एवढं?"

तेव्हा आप्पा ओरडले. मी जन्मात पहिल्यांदा त्यांना ओरडताना ऐकलं. "बॅग न्हाय टाकली त्यानं! माझी पोरगी टाकली! वरच्या पायरीवरनं! बॅगेसंगं!"

शेजारचे बाहेर आले. मामांनी जीप चालू केली आणि रिकामीच नेली. मी ओसरीच्या खांबाला धरून उभी होते. मला आधी काय वाटलं असेल? आनंद नाही. संताप. यांना माहीत होतं! सोलापूरहून आले त्या दिवसापासून माहीत होतं, आणि मी इथं रोज जळत होते.

मग आप्पा आणि मी उमरग्याच्या वडापमध्ये मागच्या बाकावर बसलो, दोन बॅगा पायांत. मी त्यांना वाटेतच बोलले. "बानूबाईनं सांगितलं?"

"तिनं बी सांगितलं. त्याच्या आधी शंभुलिंगच्या दुकानात कळलं."

"मग मला का नाही सांगितलं? मला वाटत होतं तुम्ही मला परत पाठवताय. मी पळून जाणार होते आज, वाटेतूनच. तुम्हाला न सांगता."

"ज्ञानेश्वरीला म्या तुझ्या आधीच फोन केला हुता, नोकरीचं इचारायला, मग तिनंच सांगितलं तू येनार हाय म्हनून. परत एकदा केला, लिफ्ट हाय का इचारायला. तुला तिथं जड उचलावं लागू नये." मग खिडकीबाहेर बघितलं. तुरीची शेतं पिवळी झालीत. "तुला दोन-तीनदा इचारलं म्या. तू बोलली न्हाईस. बापानं किती इचारायचं गं असलं? जीभ उचलत न्हाय."

"उचलायची," मी म्हटलं. "उचलायची होती."

ते म्हणाले, "व्हय."

एवढं एक "व्हय" मिळालं. मला ते पुरलं नाही, अजूनही पुरलेलं नाही. पण दुसरं काही त्यांच्याकडं नव्हतं.

उमरग्यात आधी दवाखान्यात नेलं. खांद्याचा फोटो काढला. गळपट्टीच्या हाडाला तडा गेलेला, तसाच वेडावाकडा जुळत आलेला. डॉक्टरांनी विचारलं, एवढे दिवस काय करत होतात? 

त्याच दवाखान्याच्या माडीवर एका वकीलबाईंचं ऑफिस आहे. आप्पा त्यांच्याकडं आधीच जाऊन आले होते, पंधरा तारखेला, शंभुलिंगकडं जायच्या आधी. त्यांनीच सांगितलं होतं की बॅग दुरुस्त करू नका, पुसू नका, आहे तशी ठेवा. माझं डोकं त्या दिवशी बॅगेवरून फिरलं होतं, आणि ती माळ्यावर गेली होती ती यासाठी.

वकीलबाईंनी बॅग टेबलावर घेतली. चाक बाजूला ठेवलं. वाकलेल्या दांडीचे फोटो काढले. बानूबाई साक्ष द्यायला तयार आहे म्हणाल्या. "पण तिनं तुम्ही पडल्यावरचं बघितलंय. वर काय झालं ते तुम्हीच सांगायचं. वडिलांनी मला जे सांगितलं ते त्यांचा अंदाज आहे. मला तुमच्याकडून पाहिजे." मग आप्पांकडं वळून म्हणाल्या, "तुम्ही बाहेर थांबलात तरी चालेल."

आप्पा लगेच उठले. सुटल्यासारखे. टोपी हातात घेऊन दारापर्यंत गेले.

मी म्हटलं, "आप्पा, बसा. ऐका."

ते बसले.

मग मी सांगितलं. मी माहेरी जाते म्हटल्यावर तो दारात आडवा आला. जायचं तर अंगावरच्या कपड्यांवर जा, बॅग इथं ठेव, म्हणाला. मी जिन्यात आले, तो मागं आला. मी दांडी सोडली नाही. त्यानं दोन्ही हातांनी बॅग ओढली, मी ओढली, सासू दारात उभी राहून "सोड गं, सोड" मलाच म्हणत होती. मग त्यानं ओढायचं थांबवलं, माझ्याकडं नीट बघितलं आणि बॅगेसकट मला ढकललं. रागात हात सुटला असं नाही. बघून ढकललं. मी खालच्या वळणावर पडले, बॅग माझ्या खांद्यावर. वर दार लावल्याचा आवाज आला. कडी लावल्याचाही.

इथं लिहिलं. झालंच होतं ते, लिहिलं नसतं तरी.

मला वाटलं होतं सांगताना मी रडेन. रडले नाही. आवाज चढत गेला. वकीलबाई मधेच उठल्या आणि त्यांनी खिडकी ओढून घेतली, म्हणाल्या, "खाली पेशंट बसलेत, सगळं ऐकू जातंय."

मी म्हटलं, "उघडी राहू द्या."

त्यांनी आप्पांकडं बघितलं. आप्पांनीच उठून खिडकी उघडली.